फॉर्मेलिन लावल्याने प्रोटीन 'मरत' नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: 'धनुर्वाताच्या लसीत प्रेतं टिकवायचं फॉर्मेलिन असतं. त्याने प्रोटीन मरतं, शरीर ते ओळखत नाही, म्हणून खरी प्रतिकारशक्ती येतच नाही. त्यापेक्षा आजार होऊन गेलेला बरा.' तो वाचून शेजारच्या वहिनींनी दहा वर्षांच्या लेकीचं टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचं) इंजेक्शन पुढे ढकललं, म्हणून हे लिहितेय.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तेच जिवावर बेतणारं आहे. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. त्याचं विष इतकं जहाल, की जीव घेण्याइतकी मात्राही प्रतिकारशक्ती जागी करायला पुरत नाही.

आता 'प्रोटीन मरतं'. प्रोटीन मुळात जिवंत नसतंच. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड. ते प्रोटीनच्या साखळीतल्या लायसीन नावाच्या दुव्याला पकडतं आणि शेजारच्या दुव्याशी पूल बांधतं. धनुर्वाताच्या विषाला चेतापेशीत शिरताना उलगडावं लागतं. असे पूल पडले की ते जखडून जातं. बाहेरचा आकार मात्र बराचसा तसाच राहतो, आणि अँटिबॉडी धरते ती हा आकारच. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गास्तों रामों यांनी १९२३ च्या सुमारास घटसर्पाचं विष फॉर्मेलिन घालून काही आठवडे उबेत ठेवलं. विषारीपणा गेला, प्रतिकारशक्ती जागवायचा गुण राहिला. यालाच टॉक्सॉइड म्हणतात. धनुर्वाताची लसही असंच टॉक्सॉइड आहे.

मेसेजमधली भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. १९६० च्या दशकात आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली लस अमेरिकेत बाळांना दिली. तिने संरक्षण तर मिळालं नाहीच, उलट पुढे संसर्ग झाल्यावर आजार बळावला आणि दोन बाळं दगावली. म्हणजे कोणत्या प्रोटीनवर काय प्रक्रिया केली, हे प्रत्येक लसीसाठी वेगळं तपासावंच लागतं. टॉक्सॉइड त्या तपासणीत दशकानुदशकं टिकलंय.

प्रेताचं रसायन म्हणाल, तर फॉर्माल्डिहाइड आपलं शरीर रोजच तयार करतं. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसमध्ये ते ०.१ मिलिग्रॅमच्या आत असतं. तान्ह्या बाळाच्या रक्तात याहून जास्त सापडतं.

रासायनिक बदलाने प्रतिकारशक्ती वाढल्याचं उदाहरण तर आपल्या पुण्यातच आहे. मेंदूज्वराच्या 'ए' जिवाणूचं नुसतं साखरेचं कवच टोचलं, तर लहान मुलांचं शरीर त्याला फारशी दाद देत नाही. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत ती साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे मेसेजवाल्यांच्या त्या 'मेलेल्या' प्रोटीनला, रासायनिक बंधाने जोडलेली आहे. प्रोटीन सोबत आलं की टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मदतीला येतात आणि शरीरात त्या जिवाणूची स्मृती तयार होते. २०१० च्या डिसेंबरात पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात ही लस द्यायला सुरुवात झाली, आणि जिथे जिथे ती पोचली तिथे 'ए' प्रकारचा मेंदूज्वर जवळपास दिसेनासा झाला.