दोन इंच वर

गाडी उंच करण्याची गरज कुणालाच नसते, हौस असते. गरज मागाहून शोधावी लागते, आणि ती घरी सांगताना ‘अप्रोच अँगल’, ‘आर्टिक्युलेशन’ असले शब्द पेरले की विरोध मवाळ पडतो, असं मला वाटायचं. आईने दोन्ही शब्द शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, “किती पडले?”

पडले ते सांगण्यासारखे नव्हते, म्हणून गाडीबद्दल सांगतो. जिप्सी किंग. सासरची. गुहागरला सासऱ्यांनी ती वर्षानुवर्षं आंब्याच्या बागेत पिदवली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर कराडला माझ्या दारात आणून लावली. मारुतीने १९८५ मध्ये जिप्सी आणली तेव्हा तिच्या चारही चाकांना स्प्रिंग म्हणून कमानीचे पाटे होते, आणि गाडी बंद झाली तेव्हाही पाटेच होते. लष्कर, पोलीस, वनखातं, सगळ्यांनी त्यांच्यावर बसून आपापले मणके झिजवले. पाट्यांनी स्वभाव बदलला नाही.

या पाट्यांच्या जागी जास्त कमानीचे पाटे घातले की गाडी दोन इंच वर येते. स्वस्तातला उपाय म्हणजे नुसत्या लांब सॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या, लावणं. पण सॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते आणि ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, बसतो मधोमध, त्यामुळे चार इंच लांबवाव्यात तेव्हा कुठे दोन इंच पदरात पडतात. हे सगळं मला पाठ होतं. अभ्यासात काही कमी नव्हती, काम तेवढं राहिलं होतं.

किटमध्ये चार पाटे, चार लांब शॉकअप, पाटे ॲक्सलला आवळणारे आठ यू-बोल्ट, पाट्याच्या टोकात बसणारे रबरी बुश आणि एक कागद होता. कागदावर ‘अंदाजे वेळ : ३ ते ४ तास’ असं छापलं होतं. छापणाऱ्याने गुहागर पाहिलेलं नसावं.

अण्णांनी आधी कायद्याची बाजू मांडली. कोर्टात कारकुनी केलेला माणूस. त्यांना घरात कलम लावल्याशिवाय चहासुद्धा गोड लागत नाही. “मोटार वाहन कायदा, कलम ५२. कंपनीने दिलेली मूळ रचना मनाने बदलता येत नाही. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलंय.” मी म्हटलं, “दोनच इंच आहेत हो.” त्यावर ते “कलमात इंच नाहीत,” एवढंच म्हणाले आणि खुर्ची टाकून बघायला बसले. बेकायदा असो वा नसो, फुकटची करमणूक ते सोडत नाहीत.

मदतीला मेव्हणा होता. त्याच्या एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलमध्ये कुणी गोरा माणूस हेच काम शीळ घालत करत होता. “दाजी, ह्याने तर सॅकलचा बोल्ट हातानेच काढला!” मी जरा निरखून पाहिलं. त्या माणसाच्या मागे क्षितिजापर्यंत वाळवंट पसरलं होतं. पाऊस नाही, खारा वारा नाही, सासरा नाही. त्याचा बोल्ट निघणारच.

आमचा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीशी गंजून एकजीव झाला होता. रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं. पान्याला पाइप लावला, त्या पाइपला आणखी लांब पाइप लावला. शेवटी मी आणि मेव्हणा दोघेही त्याला लोंबकळलो तेव्हा ‘कट्’ असा आवाज झाला आणि पाना फिरला. आम्ही एकमेकांना टाळी दिली. पाना फिरला होता, बोल्ट होता तिथेच होता.

“मुंडी गोल केली की रं त्याची,” कुंपणापलीकडून आवाज आला. हे शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. निवृत्त झाले म्हणजे पगार बंद झाला. बाकी तपासणी चालूच असते. ते आत आले, वाकून बघितलं आणि एखाद्या सर्जनने मागावं तसा हात पुढे करून म्हणाले, “ग्राइंडर.”

ग्राइंडरच्या ठिणग्या सुंदर दिसतात, पण त्या किती लांब जातात याचा विचार पूर्वी कधी करावा लागला नव्हता. वैशाखाचे दिवस होते. पलीकडे बाजेवर आईच्या कुरडया वाळत होत्या. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळी लोखंडी भुकटी कशी दिसते, हे फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल. आई काहीच बोलली नाही. तिने बाज उचलायला लावली आणि जाताना मेव्हण्याला म्हणाली, “तुला दोष नाही हो बाबा, तू पाहुणा.”

जुने पाटे निघाले आणि मला वाटलं, अवघड भाग संपला. पण नव्या पाट्याला कमान जास्त, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची लांबी कमी. एक टोक बोल्टात बसलं की दुसरं सॅकलपासून दोन बोटं अलीकडे राहायचं. त्यातच पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नेमकं बसायला हवं. मी गाडीखाली उताणा, करंगळीने भोक चाचपतोय, मेव्हणा जॅकवर, काका पहार घेऊन ॲक्सलला रेटा देतायत.

“अजून एक दाब.”

“दिला.”

“अर्धा मागे.”

“दाजी, जॅकला अर्धा नसतो.”

“बास! बास म्हटलं ना! वर घे. वर नाही, खाली!”

याच सुमारास माझ्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, गिअरबॉक्समधून ऑइलचा थेंब पडायला लागला. केरळात याचे पैसे घेतात.

बसला. सगळे पाटे बसले. मी उत्साहाने बुशचे बोल्ट करकचून आवळायला घेतले तर काकांनी हातावर चापटी मारली. “आत्ता न्हाई. आधी गाडी पायावर उभी ऱ्हाऊ दे. लटकत्या गाडीत आवळलास तर रबर पिळून मरतंय.” यू-बोल्टही जुने लावायचे नाहीत, एकदा ताणले की संपले, नवे फुलीच्या क्रमाने आवळायचे आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा. यातलं एक अक्षरही त्या शीळवाल्याने सांगितलं नव्हतं.

गाडी उभी राहिली तेव्हा खरोखर राजबिंडी दिसत होती. पण दोन इंच वर गेलेल्या गाडीने बाकीच्या कुणाला विचारलेलं नसतं. मागच्या ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला होता. तो लांब घातला, मग ब्रेकमधली हवा काढणं आलं: “दाब... धर... सोडू नको म्हटलं तर सोडलास!” स्टिअरिंगचा रॉड ताणला गेल्यामुळे गाडी नाकासमोर आणि स्टिअरिंग तिरकं. तो रॉड फिरवून जुळवला. मग हेडलाइट समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर पडतायत असं दुसऱ्या मजल्यावरूनच कळवण्यात आलं.

सगळं मार्गी लागलं तेव्हा अण्णा टेप घेऊन उठले. काम सुरू होण्याआधी त्यांनी मागच्या ॲक्सलच्या गोळ्याखालचं, म्हणजे मधल्या डिफरन्शियलच्या फुगवट्यापासून जमिनीपर्यंतचं, अंतर मोजून वहीत लिहून ठेवलं होतं: सव्वाआठ इंच. आता पुन्हा वाकले, टेप धरला, चष्मा वर केला.

“सव्वाआठ.”

“नीट बघा.”

“सव्वाआठ. तू मोज.”

मी मोजलं. सव्वाआठ. मेव्हण्याने मोजलं. काकांनी मोजायची तसदी घेतली नाही. “आरं, गोळा ॲक्सलवर, ॲक्सल चाकावर, चाक जमिनीवर. तू उचललीस ती चासी. गोळा कशाला हलंल?”

बरोबर होतं. सलग ॲक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबतो तो गोळा, आणि पाटे बदलून तो केसभरही वर येत नाही. गाडी अशी उंचावल्याने चढाला पुढचा बंपर टेकत नाही, चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळते, मोठे टायर मावतात. गोळा वर येतो तो टायरनेच, तोही टायर जितका वाढेल त्याच्या निम्मा. हेही मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि अण्णांच्या वहीत सव्वाआठच्या खाली सव्वाआठ लिहिलेलं बघणं वेगळं. त्यांनी दोन्ही आकड्यांमध्ये वजाबाकीचं चिन्ह काढलं, खाली रेघ ओढली आणि उत्तराची जागा मोकळी सोडली. सभ्य माणूस.

मग टायर आले. २०५/७० काढून २३५/७५ घातले तेव्हा व्यास अडीच इंचांनी वाढला आणि गोळा सव्वा इंच वर आला. त्याबरोबर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागला. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ च्या पुढे असते. चढाला इंजिन दम खातं. त्यावर आतले गिअरच दुसरे बसवायचा उपाय आहे, आणि मेव्हण्याने त्याच्या किमती बघून ठेवल्या आहेत.

आई आता आंब्याच्या रिकाम्या पेटीवर पाय देऊन गाडीत चढते. पेटी तिच्या मांडीवर प्रवास करते. बायकोने साडी नेसून एकदाच चढून पाहिलं, आणि तेव्हापासून लग्नाकार्याला आपण एसटीने जातो.

उन्हाळ्याच्या शेवटाला सगळे गुहागरला निघालो. कुंभार्ली घाटात गाडी झकास चढली. दुसऱ्या गिअरमध्ये, पण झकास. सासरे फाटकात उभे होते. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर काठी आपटली, “उंच दिसते” म्हणाले. मी ऐटीत गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये घातली. ही शेड त्यांनी याच जिप्सीच्या मापाने बांधून घेतली होती, टपावरच्या कॅरिअरसकट. कॅरिअर शेडच्या अँगलला असा काही भिडला की वरून दोन नारळाच्या झावळ्या आणि एक मांजर खाली आलं.

“राहू दे, बाहेर लावतो,” मी म्हटलं.

“बाहेर कशाला?” सासरे म्हणाले. “शेडच वर घेऊ की. चार इंचांनी तर घ्यायची. खांबांना खाली बोल्टच आहेत.”

मी खाली वाकून बघितलं. चार खांब, प्रत्येकाला चार बोल्ट, आणि गंजाने फुगून त्यांचे नट कुठे संपतात ते कळत नव्हतं.

“दाजी,” मेव्हणा मोबाइल काढत म्हणाला, “ग्राइंडर आणलाय ना?”