मामा, त्या सँट्रोचं आधी बघा

‘जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणजे गडबड आहे, ही डीलर लोकांनी उठवलेली आवई! पाच गोष्टी लक्षात ठेवा, निम्म्या किमतीत गाडी घ्या.’ हा लांबलचक मेसेज गेले पंधरा दिवस फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. काल तो आमच्या मामांनीच पाठवला, खाली ‘वडगावला एक बघितलीय, रविवारी टोकन देतोय’ अशी ओळ जोडून. म्हणून हे लिहितेय.

‘लष्करातल्या माणसाची बदली झाली की तो गाडी मातीमोल भावाने काढतो.’ पुण्यात सदर्न कमांडचं मुख्यालय, खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे आपल्याला हे चटकन पटतं. ठगांनाही ते ठाऊक आहे. ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला येतो, गाडी तेवढी कधी दिसत नाही. समोर गाडी नाही तर पैसे नाहीत, विषय संपला.

‘पुरात भिजलेली गाडी चार दिवस उन्हात ठेवली की नव्यासारखी.’ अहो, गाडी आहे की कुरडई? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने किती गाड्या ओढून नेल्या ते पुण्याने पाहिलंय. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीची पार्किंगं बुडाली. वडगावपासून ती किती लांब आहे, हे मामांना मी सांगायला नको. भिजलेली गाडी पहिले काही महिने बरी चालतेही. मग वायरिंगच्या जोडांत गंज धरतो आणि एक दिवस काच खाली येत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. आणि एअरबॅगची तार गेलीय की नाही, हे धडक बसल्यावरच कळायचं का? बघायचं असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गाळाची रेघ असते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, सीटखालच्या रुळांचे स्क्रू बघा. आणि गाडीत उदबत्तीसारखा परफ्यूमचा घमघमाट असेल तर सरळ घरी या.

‘मीटरवर किलोमीटर कमी म्हणजे गाडी कमी चाललेली.’ मीटर मागे फिरवता येतं. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल तर मीटर काय म्हणतं ते ऐकू नका, सर्व्हिसची नोंद मागा.

‘दिल्लीकडच्या डिझेल गाड्या खरंच स्वस्त असतात.’ हे, बरं, खरं आहे. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीची तलवार टांगलेली, म्हणून त्या पडत्या भावात निघतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी धरली की स्वस्ताई बरीचशी विरते. मेसेजमध्ये हे नाही.

आणि शेवटचा, ज्याने माझं डोकं फिरलं: ‘कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या घ्या, नावावर करायची घाई नको, पुढे विकताना खर्च वाचतो.’ टीटीओ फॉर्म म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज. मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं की विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं. नाही कळवलं तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलंय. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे अशी विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावर आली. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे मामा, पैसे मोजून, किल्ली खिशात घालूनही मोटार वाहन कायद्याच्या लेखी तुम्ही मालक नाही. विमा त्याच्या नावावर, तुमच्याकडून गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीचे पैसे मागायला तुम्ही कोण? बँकेचा बोजा असेल तर तो सह्यांनी उतरत नाही. आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे हाच बोजा, आहे का, हे एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसतं.

विकणाऱ्याचीही तीच गत, आणि हे मामांना शिकवायला नकोच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची सँट्रो हडपसरच्या एका गृहस्थांना अशाच कोऱ्या सह्यांवर दिली. सिग्नल तो तोडतो, ई-चलन मामांच्या मोबाइलवर येतं, आणि भरते मामी. आजवर निदान चलनच आलंय. रविवारचं टोकन राहू द्या, त्या दिवशी हडपसरला जाऊन त्याला गाठा.