हरिश्चंद्रगडाचं कुसळ

बाहेर ऑक्टोबर हीट, पारा पस्तीसवर, पंखा पाचावर आणि मी ठाण्यातल्या आमच्या हॉलच्या मधोमध उभा. अंगात थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर जाकीट, खाली वॉटरप्रूफ पँट, पायात दोन-दोन मोजे, डोक्यावर कानटोपी. ट्रायल चालली होती. तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडरवाला. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं, सिलिंडर हळूच खाली ठेवला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "साहेब, मलेरिया का?"

"अंटार्क्टिका," मी म्हटलं.

"ते पण फिरतंय सध्या," असं म्हणून तो पैसे घेऊन गेला.

हे दुखणं जुनंच आहे. मी पाचवीत होतो. ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ला अंटार्क्टिकावर पोहोचली. डॉ. सय्यद झहूर कासिम आणि त्यांची तुकडी, मिळून एकवीस माणसं. गुरुजींनी कौतुकाने वर्गात जगाचा नकाशा टांगला. पण आमच्या शाळेचा नकाशा खालून फाटलेला. ऑस्ट्रेलिया संपला की थेट लाकडी दांडी. गुरुजींनी त्या दांडीवर छडी टेकवली आणि म्हणाले, "इथं!" तेव्हापासून मला त्या दांडीपाशी जायचंय.

आता एक एफडी मोडून, हिच्याशी तीन महिने वाटाघाटी करून जानेवारीचं बुकिंग झालंय. अर्जेंटिनाच्या पार खालच्या टोकाला उशुआया नावाचं गाव आहे, तिथून जहाज सुटतं. जायला अजून अडीच महिने आहेत. सहन होत नाहीयेत ते हे अडीच महिने.

कारण बातमी सोसायटीत फुटली. शेजारचे काका आले. "मैत्रीवर जाऊन येणारच असशील." मैत्री हे आपलं १९८९पासूनचं संशोधन केंद्र. मी समजावलं, की आमचं जहाज जातं अंटार्क्टिकाच्या, दक्षिण अमेरिकेकडे शेपटीसारख्या आलेल्या द्वीपकल्पाला. मैत्री पार वेगळ्या बाजूला. भारती हे आपलं दुसरं केंद्र मैत्रीपासूनच तीनेक हजार किलोमीटरवर. अलिबागला निघालेल्या माणसाला 'येताना कोलकात्यात मावशीकडे डोकावून ये' म्हणण्यातला प्रकार. काकांचा चेहरा पडला, म्हणून मी उगाच माहिती पुरवली, की भारतीवर २०२४मध्ये पोस्ट ऑफिस उघडलंय आणि त्याचा पिनकोड एमएच-१७१८ आहे.

काका ताडकन सावरून बसले. "एमएच? म्हणजे आपलंच पासिंग की! मग टोल कशाला देतोस?"

मेहुण्याचा मुद्दा वेगळा. "पेंग्विनच बघायचेत ना? मग राणीची बाग आहे की. भायखळ्याला उतर, संध्याकाळी घरी." ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तो ओल्या खोबऱ्याच्या करंज्या खात होता, आणि करंजी खाणाऱ्याशी भूगोलावर वाद घालू नये.

मला खरी धास्ती आहे ती ड्रेक पॅसेजची. द्वीपकल्पाला पोहोचण्याआधी दोन दिवस हा समुद्र ओलांडायचा, येताना पुन्हा दोन दिवस. अडवायला वाटेत जमीनच नाही, त्यामुळे वारा आणि लाटा पृथ्वीभोवती मोकाट फिरत असतात. तो शांत असला तर 'ड्रेक लेक', खवळला तर 'ड्रेक शेक', असं म्हणतात. मी वरंधा घाटात एसटीच्या खिडकीची सीट अडवून, तोंडात आवळासुपारी धरून बसणारा माणूस. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "क्षितिजाकडे बघत राहायचं." आणि क्षितिजच वरखाली होत असेल तर?

नियमावलीही आलीय. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा पडलेल्या असतात, त्या अडवायच्या नाहीत; पहिला हक्क त्यांचा. बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसायचं, गुडघे टेकायचं, बॅग खाली ठेवायची, सगळ्याला बंदी. माझ्या गुडघ्यांना मनापासून पटलेला हा पहिला नियम. खाली उतरल्यावर खायचं काही नाही आणि, हे मी दोनदा वाचलं, शौचालयही नाही. जहाजावर परत येईपर्यंत कळ काढायची. मला मधुमेह आहे आणि वॉटरप्रूफ पँटला दोन चेन, एक बक्कल आणि खांद्यावरून पट्टे आहेत.

पण झोप उडवली ती बियांच्या कलमाने. आपल्या कपड्यांतून एकही बी तिकडे जाता कामा नये. त्या अख्ख्या खंडावर फुलणाऱ्या मूळच्या वनस्पती दोनच, आणि माणसांबरोबर गेलेल्या परक्या गवताने तिथे एका बेटावर आधीच मूळ धरलंय. म्हणून खिसे उलटे करून झटकायचे, व्हेल्क्रो साफ करायचं, आणि वर जहाजावर तपासणी.

माझं जाकीट पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरलेलं. मी चष्मा, हिची चिमटी आणि टॉर्च घेऊन बसलो. खिशातून भडंगाचे तीन शेंगदाणे आणि कर्जत लोकलचं तिकीट निघालं. व्हेल्क्रोत मात्र कुसळं. हरिश्चंद्रगडाची, रतनगडाची, काही तर बहुधा माझ्या लग्नाआधीची. कुसळाला टोक असतं, मागे लव असते आणि ते एकाच दिशेने सरकतं: आत. उपसावं तर अर्धं तुटून हातात येतं. चार संध्याकाळी गेल्या. हिने टीव्हीचा आवाज वाढवत विचारलं, "एवढ्या निगुतीने कधी मेथी निवडलीत का हो?"

परवा रात्री शेवटचं कुसळ निघालं. मी ते कागदावर ठेवून सगळ्यांना दाखवलं. मग स्वच्छ जाकीट चढवून शेवटची ट्रायल म्हणून हॉलमध्ये आलो. मला त्या अवतारात बघून आईला एकदम भरून आलं. एवढ्या लांब, बर्फात चाललाय पोरगा. मी हो-नाही म्हणेपर्यंत ती देवघरातून तबक घेऊन आली. ओवाळलं, कुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या.

काही डोक्यावर पडल्या. उरलेल्या जाकिटाच्या मागच्या टोपीत, कॉलरीत आणि उघड्या व्हेल्क्रोत.

आत्तापर्यंत सव्वीस दाणे सापडलेत. आईला विचारलं, किती टाकले होतेस.

"अरे, चिमूटभर."

मी टॉर्चचे सेल बदलले.