बाळंतिणीच्या मनाची तपासणी: पैसा बाळाच्या लसीकरण कार्डाला जोडा

खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरचं. गरोदरपणाची नोंद शहादा तालुक्यातल्या सासरच्या उपकेंद्रात आणि बाळंतीण सव्वा महिना चोपड्याला आईकडे, हे घरोघरी दिसतं. सासरच्या आशाताईंच्या वहीत तिचं नाव असतं, ती गावात नसते. माहेरच्या आशाताईंना ती दिसते, पण वहीत नाव नसतं. बाळंतिणीच्या उदासीची तपासणी सरकारी आरोग्य विम्याच्या पैशातून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. आणि हा पैसा आईच्या नोंदणीला न जोडता बाळाच्या लसीकरण कार्डाला जोडावा.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देतात, पण मुख्यतः दाखल झाल्यावर. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे ३ आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस धरतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य बहुधा त्यानंतरच्या आठवड्यांत, महिन्यांत उघडं पडतं, आणि बहुतेकींना दाखल करायची गरजच नसते. समुपदेशन, फेरतपासणी आणि काहींना गोळ्या, एवढं पुरतं. हे सगळं ओपीडीचं काम, म्हणून योजनेबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला: सुमारे २२ टक्के बाळंतिणींना नैराश्य. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ सांगतं की विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातात, सहा भेटींचे २५० रुपये. त्यांच्या फॉर्मवर आईचा ताप, रक्तस्राव, असंबद्ध बोलणं, झटके आहेत. उदासी नाही. शिवाय या भेटी होतात भरल्या घरात, सासू किंवा आई शेजारी बसलेली असताना. लस टोचायला मात्र दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी बाळाला घेऊन आई स्वतः येते, सासरी असो वा माहेरी. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी विम्याने २०१६ मध्ये राज्यांना स्पष्ट सांगितलं, की बाळाच्या तपासणीला आलेल्या आईच्या नैराश्य चाचणीचा खर्च बाळाच्या विम्यावर लावता येतो. आपल्याकडे हे सहज बसेल.

तपासणीसाठी बाळंतिणीचं नैराश्य ओळखणारी एडिनबर्ग प्रश्नावली वापरावी, ती १९८७ची आहे. गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे, १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज बघत बसायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायचं आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावायचा.

चुका ठरलेल्या आहेत. १, २ आणि ४ या प्रश्नांचे गुण वरून खाली ०, १, २, ३ असे जातात, बाकी सातांचे उलटे. सगळे एकाच दिशेने मोजले की खचलेली बाई कागदावर ठणठणीत दिसते. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे आकडा छापलाच पाहिजे. धडगाव, मोलगीकडे मराठी कागद वाचून दाखवण्यात अर्थ नाही. पावरी, भिलीतलं तपासून घेतलेलं भाषांतर हवं. आणि लस टोचताना रांगेत विचारू नये. लस दिल्यावर बाळासह अर्धा तास थांबवतातच, त्या वेळात, बाजूच्या खोलीत विचारावं.

गुण जास्त आले तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघावं, दोन्हींमुळे तसाच थकवा येतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. हे सांगितलं नाही तर आठवड्यात बंद होतात, "दूध खराब होईल" या भीतीने तर लगेच. सर्ट्रालिनसारखं औषध डॉक्टर स्तनपान चालू ठेवून देऊ शकतात.

हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांतच झोप उडते, बडबड सुरू होते, भास होतात. "बाहेरचं झालं" म्हणून भगताकडे नेण्यात दिवस जातात. ही तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी १०८ बोलवा आणि दाखल करा, ३ वर्षांखालच्या बाळाला कायद्याने सहसा आईपासून वेगळं करता येत नाही.

पैसे फक्त फॉर्ममागे दिले तर सगळे फॉर्म शून्य गुणांचे भरून येतील. माझ्या मते रक्कम तीन भागांत असावी: चौथाई प्रश्न विचारल्यावर, अर्धी रक्कम जास्त गुणांची बाई डॉक्टरपर्यंत पोचल्यावर, उरलेली सहा आठवड्यांनी पुन्हा गुण काढल्यावर. सातपुड्यातून नंदुरबारला यायचं तर बाईची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, त्यामुळे दोघांचं गाडीभाडं यातच धरावं. काही शस्त्रक्रियांनंतरच्या फेरतपासणीला योजनेत वेगळी पॅकेजं आहेतच, तेव्हा दाखल न करता पैसे देणं नवीन नाही. एक अट मात्र आधीच काढून टाकावी. रेशन कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, यावर दावा अडतो. तपासणीपुरता बाळाच्या कार्डावरचा आरसीएच क्रमांक, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, ग्राह्य धरावा.