आता ही शेवटची!

चेन्नईहून मुंबईला बदली झाल्याचं कळलं तेव्हा घरच्यांना आनंद झाला आणि मला घोर लागला तो नऊ फुटी फळीचा. फळी म्हणजे सर्फबोर्ड, लाटांवर उभं राहायचा. आमच्या घरात त्याला फळी म्हणतात, तेही कुणाचं डोकं ठिकाणावर असलं तर. एरवी "ते तुझं धूड".

मी सर्फिंग शिकलो कोवलमला. हे नाव घेतलं की मराठी माणूस तडक केरळात जाऊन पोचतो. आईने तर अख्ख्या सोसायटीत "मुलगा केरळात असतो" असं सांगून ठेवलंय, आणि आता ते दुरुस्त करायची तिची तयारी नाही. माझं कोवलम तमिळनाडूतलं. चेन्नईच्या दक्षिणेला, ईसीआरने, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडने, महाबलीपुरमकडे जाताना लागतं. मूर्ती मेगवन नावाच्या, मच्छीमाराच्या घरातल्या माणसाने तिथे सर्फिंगची शाळा उभी केली. तिथली कोळ्यांची पोरं लाट ओळखायला आईच्या पोटातच शिकून येतात. आम्हा आयटीवाल्यांचं शिक्षण नाकातोंडावाटे होतं.

सामानाची यादी करायला पॅकर्सचा पोरगा आला. त्याने फळीवर हात ठेवला, तो तिथेच चिकटला. पाय घसरू नये म्हणून फळीला वरून मेण घासतात. चेन्नईच्या उन्हात ते मेण फळीवरून चादरीवर, चादरीवरून उशीवर आणि तिथून केसांत जातं. त्याने हात पँटला पुसत विचारलं, "सार, इदु एन्ना?" मी पोटावर पालथं पडून, हात मारून, उठून उभं राहून दाखवलं. त्याने शांतपणे सगळं पाहिलं आणि यादीत लिहिलं: इस्त्रीचं टेबल, मोठं. खालचे तीन फिन, म्हणजे फळीचे पंख, काढून पिशवीत भरले, तर तिच्यावर चिठ्ठी लावली: टेबलाचे पाय. मग विम्यासाठी फोन आला की इस्त्रीच्या टेबलाची एवढी किंमत कशी काय? मी म्हटलं, आमच्याकडे कपडे फार असतात.

वेळ कुठली, तर जून. आता यातली खुबी ऐका. नैऋत्येचा मोसमी वारा जूनमध्ये मुंबईला समुद्रावरून येतो. लाटांना पाठीमागून ढकलतो, आपटतो, सगळा गोंधळ करून ठेवतो. तोच वारा द्वीपकल्प ओलांडून चेन्नईला पोचतो तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे निघालेला असतो. तो लाटेला समोरून थोपवतो, तिचा कडा उभा धरतो, वर स्वच्छ पुसूनही काढतो. एकच वारा, पण पश्चिमेला गुंड आणि पूर्वेला सभ्य गृहस्थ. त्या गृहस्थाच्या ऐन हंगामात मला गुंडाच्या घरी पाठवायचं, हे एचआरच्याच टाळक्यात येऊ शकतं.

फळी पॅक होण्याआधी एकदा पाण्यात जाऊन रीतसर निरोप घ्यायचा बेत होता. सर्फिंगमध्ये निरोप ही मोठी गैरसोयीची गोष्ट आहे. "आता ही शेवटची" म्हणून लाट घ्यावी आणि ती झकास निघाली तर अशा वेळी परत कोण जाईल? आणखी एक घ्यायलाच हवी. ती फसली, फळी एकीकडे आणि आपण दुसरीकडे, तर असल्या लाटेवर शेवट करायचा? शोभत नाही. म्हणजे चांगली आली तरी पाण्यातच थांबायचं, वाईट आली तरी पाण्यातच. पूर्वेचं ऊन सरळ डोळ्यांत घुसत होतं, खांदे बोलायला लागले होते. किनाऱ्यावर पॅकर्सचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. शेवटी लाटांनाच कंटाळा आला आणि पाणी सपाट झालं.

संध्याकाळी ऑफिसात निरोपसमारंभ. पुढचं समजायला एक शारीरिक सत्य माहीत हवं: सर्फिंग करताना नाकात शिरलेलं पाणी कपाळाच्या नि गालांच्या पोकळ्यांत दबा धरून बसतं आणि काही तासांनी, तुम्ही वाकलात की, न विचारता बाहेर पडतं. साहेबांनी भाषण केलं, तमिळ रिवाजाप्रमाणे रेशमी शाल पांघरायला हात वर केले. मी नम्रपणे मान खाली घातली आणि नाकातून बंगालचा उपसागर सुटला. शालीवर, साहेबांच्या बुटावर, धार लागली. मी थांबवायला गेलो तर ठसका आला. सभागृह स्तब्ध. अकाउंट्सच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. अप्रेझलमध्ये ज्यांनी मला "अलिप्त" ठरवलं होतं, त्या साहेबांनी मला मिठी मारली. मी एका शब्दाने काही बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर उरलेलंही आलं असतं.

मुंबईत घर मिळेपर्यंत अंधेरीला आत्याकडे मुक्काम. चेन्नईत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. समुद्र काल होता तिथेच आज सापडायचा. इथे पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती कधी आहे ते पेपरात छापून येतं आणि आत्या ते मला चहाबरोबर वाचून दाखवते. ओहोटीला जुहूला जावं तर पाण्यापर्यंत चालतानाच दम लागतो. आणि लाटा जरा अंगात येतात तेव्हा जीवरक्षक शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. त्या लाटांवर उभं राहण्याजोगं काही नसतं.

पण खरा घाव वेगळाच. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत वंजरम, म्हणजे आपली सुरमई, भाव ऐकूनच परत फिरावं अशी. मी निमूटपणे सांबार-भातावर काढले. बंदी उठली, बोटी निघाल्या, आणि मीही निघालो. पश्चिम किनाऱ्यावर, जिथे 1 जून ते 31 जुलै बंदी. एका उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन्ही समुद्रांचे उपास पदरात पाडून घेणारा माणूस आमच्या घराण्यात मी पहिलाच.

आत्याने ताटात सुकटीची चटणी वाढली. "नारळी पौर्णिमेपर्यंत धीर धर रे," ती म्हणाली.

"कशासाठी? मासे की लाटा?"

"दोन्ही. आणि तोवर ती तुझी फळी दोन खुर्च्यांवर आडवी टाक. चार दिवस झाले, कपडे वाळत नाहीयेत."