गेम सोडून सगळं रेकॉर्ड झालंय

आमच्या घरात गेम रेकॉर्ड करायला बसलं की गेम सोडून सगळं रेकॉर्ड होतं. ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) उघडलं, गेम कॅप्चर लावलं, तासभर जीव तोडून खेळलो आणि फाइल बघतो तर मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून आईचा खणखणीत आवाज, "अरे गॅस बंद कर, तिसरी शिट्टी झाली!"

तर काळोखाचं कारण असं की बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिपा असतात, एक प्रोसेसरमधली साधी आणि एक वेगळी दणकट. गेम दणकटवर चालतो, ओबीएस साधीवर जाऊन बसतं, आणि दोघी म्हणजे एकाच घरात राहून न बोलणाऱ्या जावा, हिच्या खोलीतलं तिला दिसत नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएसलाही हाय परफॉर्मन्स द्यायचं, मग गेम दिसतो. (काही लॅपटॉपवर तेवढ्यानेच डिस्प्ले कॅप्चर, म्हणजे अख्ख्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग, काळं पडतं, ते मिटवायला पॉवर सेव्हिंग लावायचं, म्हणजे पुन्हा गेम गायब. चालू दे.)

चित्र आलं तर ते अडखळत आलं, खाली लाल अक्षरात 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड'. एन्कोडिंग, म्हणजे चित्र आवळून फाइलीत भरायचं काम, प्रोसेसरवरून काढून एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डातल्या एनव्हेंक या खास त्याच कामाच्या भागाकडे दिलं आणि गेमला 60 एफपीएसची (सेकंदाला 60 चित्रांची) वेसण घातली, कारण गेमला मोकळं सोडलं की तो कार्ड पूर्ण खातो, रेकॉर्डिंगला काही उरतच नाही. आवाजासाठी नॉइज सप्रेशन लावलं. पंख्याची घरघर गेली, आई तशीच ऐकू येते, कारण फिल्टर माणसाचं बोलणं जपून ठेवतो, त्याचा तरी काय दोष.

मग लाइट गेली. एमपी4 फाइलीचा सगळा हिशोब साधारणपणे शेवटी लिहिला जातो, शेवट झालाच नाही म्हणजे फाइल उघडतच नाही, तासाची मेहनत पाण्यात. त्यामुळे एमकेव्ही फॉरमॅटमध्येच रेकॉर्ड करा, त्यात लाइट गेली तरी तोवरचं वाचतं, नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून (आतला माल तोच, फक्त डबा बदलून) एमपी4 मिळते, मिनिटभराचं काम. आणि डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा, 40 एमबीपीएसला (सेकंदाला 40 मेगाबिट) तासाला 18 जीबी जातात.

परवा एकदाचं सगळं जुळून आलं, धाकट्याला कौतुकाने दाखवलं. पाच मिनिटं बघून म्हणतो, "दादा, दार उजवीकडे आहे, तू मगापासून भिंतीला का धडकतोयस?"