खोक्यावरचं घर्षण ८० न्यूटनच: एका पालकांना उत्तर

नमस्कार.

तुम्ही 'एक पालक' एवढीच सही केली आहे, म्हणून नावाने हाक मारता येत नाही. प्रतिक्रियेत राग आहे, पण तो मुलाच्या काळजीपोटी आहे हे कळतं. त्याबद्दल तक्रार नाही.

नंतर येणाऱ्या वाचकांसाठी वाद काय आहे ते आधी सांगतो. मागच्या लेखातलं गणित असं होतं: मार्केट यार्डातून एक टेम्पो सपाट रस्त्यावर २ मी/से² त्वरणाने निघतो. हौद्यात ४० किलोचं, मीटरभर उंच लाकडी खोकं आहे. ते बांधलेलं नाही, तरी घसरत नाही. घर्षणांक ०.५, गुरुत्व त्वरण १० धरायचं. खोक्यावर घर्षण बल किती? मी बलांचे बाण असलेली आकृती काढून ८० न्यूटन म्हटलं. तुमचं म्हणणं असं की उत्तर म्यू-एन, म्हणजे घर्षणांक (म्यू) गुणिले नॉर्मल (एन, हौद्याचा तळ खोक्याला वर रेटतो ते बल), इथे ०.५ गुणिले ४००, म्हणून २००, आणि मुलाच्या क्लासमध्येही हेच सूत्र शिकवलंय. पुढे तुम्ही लिहिलंय की जेईईत १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, तिथे आकृत्या काढत बसलं तर मुलगा मागे पडेल. आणि शेवटी, "लाग्रांजच्या पद्धतीने दोन ओळींत होणाऱ्या गोष्टीसाठी हे बाण कशाला?" (लाग्रांज हा अठराव्या शतकातला गणिती; त्याच्या पद्धतीत बलांच्या बाणांऐवजी ऊर्जेवरून समीकरणं मांडतात.)

२०० पासून सुरू करू. खोकं टेम्पोवर ठेवलंय, टेम्पो पुढे निघालाय. खोक्याला पुढे नेणारं आडवं बल एकच, तळाशी असलेलं घर्षण. ते २०० न्यूटन असेल तर ४० किलोच्या खोक्याचं त्वरण ५ होईल. टेम्पोचं आहे २. म्हणजे खोकं टेम्पोच्याही पुढे धावेल आणि स्वारगेट यायच्या आत ड्रायव्हरच्या केबिनला जाऊन धडकेल. असं खोकं मार्केट यार्डात अजून कुणी पाहिलेलं नाही.

म्यू-एन ही स्थितिक घर्षणाची, म्हणजे खोकं घसरत नसतानाच्या घर्षणाची, कमाल मर्यादा आहे. खिशात २०० रुपये आहेत म्हणून चहावाला २०० घेत नाही, बिलाएवढे घेतो. इथे बिल ८० चं आहे: ४० किलो गुणिले २. घर्षण तेवढंच देतं. बिल २०० च्या वर गेलं तर मात्र खिसा रिकामा होतो आणि खोकं घसरायला लागतं. क्लासच्या सरांनी चुकीचं शिकवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी बहुधा "किती त्वरणाला खोकं घसरू लागेल?" हा प्रश्न सोडवला असेल. तिथे म्यू-एन अगदी बरोबर आहे, उत्तर ५ येतं. मुलाने वहीत सूत्र उतरवलं, सूत्र कधी लागू पडतं ते उतरवायचं राहिलं. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडांतही सूत्राभोवती चौकट असते, अट मात्र बारीक टायपात.

पटत नसेल तर तोच टेम्पो कात्रजच्या घाटाला लावा. दर १० मीटरला १ मीटर चढ धरा, त्वरण तेच २. आता घर्षणाने खोक्याला त्वरणही द्यायचंय आणि चढावर खाली ओढणाऱ्या वजनाच्या भागालाही तोंड द्यायचंय: ८० अधिक ४०, म्हणजे १२० न्यूटन. म्यू-एनवाल्याचं उत्तर मात्र चढावर २०० वरून १९९ वर येतं, कारण नॉर्मल किंचित कमी होतो. घाट चढताना खोक्याला धरून ठेवायला सपाटीपेक्षा कमी जोर लागतो, हे टेम्पोच्या क्लीनरलासुद्धा पटणार नाही.

आता वेळेचं. १८० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. मी सांगतो ती आकृती काढायला १५ सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बसतो, त्यामुळे हे अंदाजे नाही. फक्त ती आकृती म्हणजे टेम्पोचं चित्र नव्हे, आणि मुलांचा वेळ जातो तो तिथे. मी बघतो, मुलं चाकं काढतात, हौदा काढतात, एकाने तर नंबरप्लेटही काढली होती. टेम्पो पुसून टाकायचा. एक चौकोन, तेवढंच खोकं. टेम्पो आता फक्त दोन बाणांपुरता उरतो: तळातून वर नॉर्मल, तळातून पुढे घर्षण. तिसरा बाण वजनाचा, तो पृथ्वीचा. प्रत्येक बाणाला विचारायचं, "तुला कोण लावतंय?" ज्याला उत्तर देता येत नाही तो खोडायचा.

इथे एक चौथा बाण हमखास घुसतो, मागे जाणारा एम-ए (वस्तुमान गुणिले त्वरण). टेम्पोत बसून विचार करायचा असेल तर तो बाण, म्हणजे आभासी बल, चालेल. पण मग खोकं तुमच्या दृष्टीने स्थिर आहे, त्वरण शून्य, आणि घर्षण ८० च येतं. रस्त्यावर उभं राहून बघत असाल तर तो बाण नको. दोन्हीकडे एक एक पाय ठेवला, म्हणजे आभासी बलही लावलं आणि वर एम-ए शी बरोबरीही केली, तर घर्षण वजा ८० बरोबर ८० होतं आणि उत्तर येतं १६०. मी पेपर काढला तर पर्याय देईन ८०, १६०, २०० आणि ४००. चारही ठिकाणी मुलं सापडतील. सूत्र आठवणाऱ्याला २०० समोर दिसतं आणि तो दहा सेकंदांत खूण करून मोकळा होतो. वेळ वाचतो खरा, पण वर एक गुण वजा होतो.

लाग्रांजबद्दल तुमचं प्रेम मला आवडलं. १७८८ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने अभिमानाने लिहिलंय की या पुस्तकात एकही आकृती सापडणार नाही. दुहेरी लंबक (लंबकालाच टांगलेला लंबक) सोडवायचा असेल तर मीसुद्धा बाणांच्या वाटेला जात नाही. पण त्या पद्धतीची ताकदच अशी आहे की बंधनाची बलं, म्हणजे वस्तूला ठरलेल्या वाटेवर धरून ठेवणारी बलं, समीकरणातून आधीच गळून जातात. खोकं टेम्पोला चिकटून चाललंय, म्हणजे इथे नॉर्मल आणि स्थितिक घर्षण दोन्ही बंधनाचीच बलं. आपल्याला विचारलंय नेमकं तेच. ज्याला घराबाहेर काढलं त्यालाच परत शोधायला लाग्रांजचे गुणक म्हणतात ती जास्तीची अज्ञातं घेऊन फिरावं लागेल, आणि मग दोन ओळी पुरणार नाहीत.

तुम्हाला उत्तर लिहायचं म्हणून काल रात्री तीच आकृती पुन्हा काढली आणि माझीच एक चूक सापडली. तुमच्या नजरेतून ती सुटली, पण मान्य करायलाच हवी. लेखात मी नॉर्मलचा बाण खोक्याच्या बरोबर मधून, वजनाच्या समोरासमोर काढला होता. घर्षण मात्र तळाशी आहे, गुरुत्वमध्याच्या अर्धा मीटर खाली. त्याचा टॉर्क (खोक्याला फिरवण्याचा जोर) ८० गुणिले ०.५, म्हणजे ४० न्यूटन-मीटर, आणि माझ्या आकृतीत तो तोलणारं कुणीच नव्हतं. त्या आकृतीप्रमाणे खोकं मागच्या बाजूला कोलमडायला हवं. प्रत्यक्षात नॉर्मल मागे सरकतो: ४०० न्यूटनच्या बळाने ४० तोलायचे तर १० सेंटीमीटर. खोकं ६० सेंटीमीटर रुंद असेल तर मधून मागे ३० सेंटीमीटर जागा आहे, म्हणून ते सुखाने उभं राहतं.

हे लिहिताना आमचं घर बदललं तो दिवस आठवला. सदाशिव पेठेतून कोथरूडला फ्रिज न्यायचा होता. टेम्पोवाल्याने तो उभाच, केबिनच्या भिंतीला टेकवून दोराने आवळला. मी म्हटलं, मध्ये ठेव, जागा आहे. तो म्हणाला, "काका, ब्रेक मारला की हे मुंडकं टाकतं." तेव्हा मी मास्तर असूनही हिशोब केला नव्हता, तो आज केला. फ्रिज १.६ मीटर उंच, ६० सेंटीमीटर खोल, गुरुत्वमध्य साधारण मधोमध धरू. कॉम्प्रेसर खाली असतो म्हणून तो थोडा खालीच असेल, पण असो. ब्रेकचं मंदन ३.७५ ला पोचलं की नॉर्मल पुढच्या कडेला येतो आणि फ्रिज उलटायला लागतो. घर्षणांक ०.५ असेल तर घसरायला ५ लागतात. म्हणजे घसरायच्या आधी उलटतो. म्यू-एनमध्ये फ्रिजची उंची कुठेच येत नाही, त्यामुळे ते सूत्र पाठ असलेला माणूस फ्रिज मध्येच ठेवतो. मीही ठेवत होतोच.

मुलाला घाटाचं गणित द्या, पण माझं १२० झाकून ठेवा. चौकोन त्याला काढू दे, तुम्ही फक्त "हा बाण कोण लावतंय?" एवढं विचारा.

मूळ लेखातली आकृती आज बदलली आहे. जुनी तिच्या खालीच ठेवली आहे, चूक कुठे होती ते दिसावं म्हणून. ८० तसेच आहेत.